कलम पुस्तकात, वेठ शिवारात : गोदावरी परुळेकर

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला आज पालघर दिसते ते जिल्ह्याचे ठिकाण म्हणून, आणि बोईसर-तारापूर दिसते ते औद्योगिक वसाहत व अणुवीज केंद्र यांचे नाव म्हणून. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्या, न्यायालये, पोलीस अधीक्षक अशी सारी व्यवस्था येथे उभी राहू लागली. रुळांच्या पूर्वेला डोंगराकडे सरकत गेलेल्या वारली पाड्यांवर मात्र कायदा फार वर्षे दुसऱ्याच रूपाने पोहोचला होता. तेथे जमीनदाराचा हुकूम हाच कायदा होता आणि पोलीस पाटील हा बहुधा त्याचाच माणूस. पुण्याच्या एका वकिलाची, स्वतःही कायद्याची पदवी घेतलेली मुलगी १९४५ साली या पाड्यांवर गेली. तिने तेथे वकिली केली नाही. पुढल्या अर्धशतकात फौजदारी प्रक्रियेशी तिचा संबंध सतत आला, पण तो वकील म्हणून नव्हे. जमावबंदी, हद्दपारी आणि स्थानबद्धता यांचे हुकूम ज्यांच्यावर निघतात, त्यांच्या बाजूने आला.

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील लक्ष्मणराव गोखले शहरातले नामांकित वकील. घरात पैसा, प्रतिष्ठा आणि शिक्षण तिन्ही होते. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शिकल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिली महिला कायदा पदवीधर, असा त्यांचा उल्लेख वारंवार होतो. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९७ सालीच मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली होती, हे लक्षात घेता या विधानाला थोडी मुरड घालावी लागते. परंतु मराठी मध्यमवर्गीय घरातील मुलीने त्या काळी कायद्याची पदवी घेणे ही गोष्ट लहान नव्हती. त्याहून मोठी गोष्ट ही, की ती पदवी हाती असताना त्यांनी वडिलांच्या व्यवसायाची वाट धरली नाही.

१९३२ च्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. वडिलांना हे रुचले नाही. बाप आणि लेक यांच्यातल्या त्या दुराव्यातूनच गोदावरीबाई मुंबईला आल्या आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाल्या. सोसायटीच्या त्या पहिल्या आजीव महिला सदस्य. १९३७ च्या सुमारास त्यांनी साक्षरतेची मोहीम चालविली, १९३८ मध्ये मुंबईतल्या घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली, आणि त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. सोसायटीतच त्यांची शामराव परुळेकरांशी गाठ पडली. शामराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आले होते आणि कोकणातील खोती पद्धतीविरुद्धच्या लढ्यात आघाडीवर होते. १९३९ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघेही सोसायटीबाहेर पडले आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० मध्ये अटक झाली आणि तुरुंगाचा दीर्घ अनुभव सुरू झाला.

त्या तुरुंगवासामागे भारत संरक्षण कायदा व त्याखालचे नियम होते. या नियमांतील क्रमांक २६ प्रमाणे सरकारला कोणालाही खटल्याशिवाय अडकवून ठेवता येत असे. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात १९४३ साली फेडरल कोर्टाने हा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती उणीव बुजविली. न्यायालयाने दरवाजा उघडावा आणि कार्यकारी सत्तेने तो आतून पुन्हा लावून घ्यावा, हे त्या पिढीच्या राजबंद्यांनी जवळून पाहिले. कायदा शिकलेल्या बाईला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसेल.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची महाराष्ट्र परिषद भरली. उंबरगाव-डहाणूकडील काही वारली तेथे आले होते. त्यांनी सांगितलेली हकिगत ऐकून परुळेकर दाम्पत्याने त्या भागात जायचे ठरविले. तेथे जे दिसले ते आज वाचताना अतिशयोक्त वाटेल, पण सरकारी कागदांतही त्याचे पुरावे होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी दिलेल्या अहवालात सावकार-जमीनदारांच्या जुलमाची नोंद आहे. लग्नासाठी शे-दोनशे रुपये काढलेला वारली त्या कर्जापायी आयुष्यभर धन्याच्या घरी राबे. त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबे, आणि पुष्कळदा हे ओझे मुलांच्या खांद्यावर जाई. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. शिवाय जो लग्नगडी नव्हता त्यालाही वेठ होतीच. धन्याचा निरोप आला की स्वतःची पेरणी टाकून त्याच्या शेतावर जायचे, आणि मोबदल्यात काहीच नाही किंवा मूठभर भात. नकार दिला तर मार.

यातली एकही गोष्ट कायदेशीर नव्हती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७४ असे, की एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा सक्तीने काम करवून घेणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मारहाण, बेकायदा अटकाव, खंडणी यांची कलमे निराळीच. ठाण्याच्या जंगलपट्टीत मात्र हे कलम पंचाऐंशी वर्षे जणू लिहिलेच नव्हते. याच संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. धन्याच्या खळ्यावरून पायलीभर भात उचलणारा वारली तीन वर्षांच्या कैदेला पात्र होता, आणि त्याचे सबंध आयुष्य उचलणारा धनी फार तर एका वर्षाच्या. कायद्याने माणसाच्या श्रमाची आणि धान्याच्या पायलीची किंमत कशी लावली होती, ते एवढ्यावरून दिसते.

कलम होते, मग फिर्याद का होत नव्हती? याचे उत्तर दंड संहितेत नाही, प्रक्रियेत आहे. फिर्याद द्यायची तर ठाण्यापर्यंत जायला हवे, आणि पहिली खबर द्यायची ती गावच्या पोलीस पाटलामार्फत. खटला चालायचा तो मामलेदाराच्या पुढे, कारण तोच महसूल गोळा करणारा अधिकारी आणि तोच दंडाधिकारी. कार्यकारी आणि न्यायिक दंडाधिकारी वेगळे करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५१ साली आला. ज्याच्याकडून सरकारी सारा वसूल व्हायचा, त्या जमीनदाराविरुद्ध त्याच कचेरीत दाद मागायची होती. आणि साक्षीदार आणायचा तो त्याच पाड्यावरचा, ज्याचे उद्याचे खावटीचे धान्य धन्याच्या कणगीतून यायचे. फौजदारी खटला साक्षीवर उभा राहतो, आणि साक्ष द्यायला माणूस आधी निर्भय असावा लागतो. गोदावरीबाईंनी वकिलीचा झगा न घालता पाडे का पालथे घातले, याचे कारण येथे सापडते. साक्षीदारच नसलेल्या मुलखात त्यांना आधी साक्षीदार तयार करायचे होते.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे जमली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, आणि दिवसाला बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर कामाला जायचे नाही, असे ठराव झाले. त्यात नवा कायदा मागितलेला नव्हता. वेठीपुरते पाहिले तर कलम ३७४ आपल्यालाही लागू आहे एवढेच सांगितले होते. पुढल्या काही आठवड्यांत गावोगावचे लग्नगडी धन्यांची घरे सोडून बाहेर पडले. एकाही न्यायालयाचा हुकूम न निघता ही गुलामी मोडली, ही या लढ्यातली सर्वांत मोठी घटना. पुढचे गोळीबार आणि खटले यांच्या गडबडीत तिच्याकडे थोडे दुर्लक्षच झाले आहे.

पावसाळा संपला आणि गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मिळाले पाहिजेत अशी किसान सभेची मागणी होती. मजुरांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ च्या आसपास पाड्यापाड्यांवर निरोप फिरला : गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला जमा. हा निरोप किसान सभेचा नव्हता. तो जमीनदारांच्या हस्तकांनी पसरविला, आणि दुसरीकडे आदिवासी हल्ल्यासाठी जमत असल्याची खबर पोलिसांना दिली, असे आंदोलनाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. बाईंना वाचवायला हजारो वारली हाती काठ्या घेऊन आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तो अधूनमधून कित्येक तास चालू राहिला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. बाई तेथे नव्हत्याच. माणसे मात्र जागची हलली नाहीत, कारण बाई येतील अशी त्यांची समजूत होती.

फौजदारी कायद्याच्या अभ्यासकाने या एका प्रसंगाशी थोडे थांबावे. पाच किंवा अधिक माणसे एकत्र येणे हा गुन्हा नाही. त्यांचा समान उद्देश कलम १४१ मध्ये सांगितलेल्यांपैकी असेल, तरच तो जमाव बेकायदा ठरतो. आपल्या नेत्याचे रक्षण करणे हा त्यातला उद्देश नव्हे. जमाव बेकायदा असला किंवा त्याच्याकडून शांतताभंगाचा संभव असला, तरी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, तो मानला नाही तर बळ वापरायचे, असा क्रम आहे. आता खोट्या खबरीचे काय? सरकारी नोकराने आपला अधिकार दुसऱ्याला इजा होईल असा वापरावा म्हणून त्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम १८२ खाली गुन्हा होता. पण येथे प्रक्रियेची एक कडी आडवी येते. संहितेच्या कलम १९५ प्रमाणे या गुन्ह्याची दखल न्यायालयाला घेता येते ती संबंधित सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केली तरच. म्हणजे ज्यांच्यावर गोळी चालली त्या वारल्यांना ही तक्रार करताच येत नव्हती. ती करायची होती ज्यांनी गोळी चालवली त्या खात्याने. ऊठसूट कोणी कोणाला खोटी खबर दिल्याच्या खटल्यात गुंतवू नये, हा या अटीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. तलवाड्यात त्याचा परिणाम काय झाला, तो निराळा.

सभांवर बंदी आली. कलम १४४ हे नाव पुढे साऱ्या देशात घरोघर माहीत झाले. संकटाच्या प्रसंगी दंडाधिकाऱ्याला समोरच्याचे म्हणणे न ऐकता एकतर्फी हुकूम काढता येतो, हे त्याचे बळ. हुकूम दोन महिन्यांपुरता, पण सरकारला तो वाढविण्याची मुभा. मोडला तर कलम १८८ खाली खटला. वेठीच्या गुन्ह्यासाठी जी यंत्रणा पंचाऐंशी वर्षे हलली नव्हती, ती वेठ नाकारणाऱ्यांसाठी तासाभरात हलू शकत होती.

१९४६ मध्ये प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. लोकांचे सरकार आल्याने चित्र पालटेल ही अपेक्षा फार टिकली नाही. जंगलतोडीच्या कामासाठी दिवसाला सव्वा रुपया मागणारा संप त्या वर्षी डहाणू, उंबरगाव, पालघर या भागांत पसरला आणि ठेकेदारांना अखेर वाटाघाटीला यावे लागले. त्याच सुमारास शामराव, गोदावरीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर ठाणे जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम बजावले गेले. जानेवारी १९४७ मध्ये बोईसरच्या पूर्वेला, पालघर तालुक्यातील नानिवली येथे पोलिसांनी पुन्हा गोळीबार केला आणि आदिवासी मारले गेले. आज त्या रस्त्याने महामार्गाकडे मालमोटारी धावतात.

हद्दपारी, बोलीभाषेत तडीपारी, ही फौजदारी कायद्यातली एक विलक्षण चीज आहे. ती शिक्षा नाही, म्हणून आरोपपत्र नाही. आरोपपत्र नाही, म्हणून उलटतपासणी नाही. साक्षीदार भीतीमुळे उघडपणे पुढे येत नाहीत, हेच या अधिकाराचे समर्थन म्हणून सांगितले जाते. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात कलम ५५ ते ५७ मध्ये हा अधिकार मांडला गेला. आरोपांचे ढोबळ स्वरूप लेखी कळविणे, म्हणणे मांडू देणे, दोन वर्षांची कमाल मुदत आणि सरकारकडे अपील अशी बंधनेही त्यात घातली गेली. सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकात ही योजना वैध ठरविली. महाराष्ट्रात ती आजही लागू आहे. गुंडांपासून गरिबांना वाचविण्यासाठी ती असल्याचे सांगतात, आणि अनेकदा ते खरेही असते. ठाण्याच्या जंगलपट्टीत मात्र साक्षीदार ज्यांना घाबरत होते ते जमीनदार जिल्ह्यातच राहिले आणि साक्षीदारांची भीती घालविणारी बाई हद्दीबाहेर गेली.

स्वातंत्र्यानंतरही अटका आणि भूमिगत जीवन सुटले नाही. १९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारी निषिद्ध ठरविली. झरीचा ठराव जणू देशाच्या मूळ कायद्यात आला. त्याच्या लगतच्याच अनुच्छेद २२ मध्ये मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा करून दिलेली आहे. अटक झालेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे आणि वकिलाचा सल्ला घेऊ देणे, हे दोन्ही हक्क स्थानबद्धाला लागू नाहीत असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. हे दोन शेजारी अनुच्छेद गोदावरीबाईंच्या आयुष्यात एकाच वेळी नांदले.

१९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ च्या चीन युद्धानंतर आणि पुढे पक्षफुटीनंतर १९६४ च्या अखेरीस झालेल्या धरपकडीत दोघेही भारत संरक्षण नियमांखाली अडकले. ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात वारले. खटला नव्हता, आरोप सिद्ध झालेला नव्हता, शिक्षा झालेली नव्हती. जिल्ह्याने निवडून दिलेला लोकप्रतिनिधी राहिलेल्या माणसाचा शेवट असा व्हावा, याची टोचणी त्या काळच्या सार्वजनिक जीवनाला फारशी लागली नाही. गोदावरीबाईंनी आपल्या तुरुंगवासाचा हिशेब ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकात मांडला आहे. आठ वर्षे हा आकडा एखाद्या गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेचा वाटावा असा आहे.

१९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांना आपल्यापासून तीन तासांच्या अंतरावर काय घडले होते ते या पुस्तकातून प्रथम कळले. पुस्तकाचे साहित्यिक मोल ठरलेलेच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र ते आणखी एका दृष्टीने वाचायला हवे. एका मोठ्या गुन्ह्याची, फिर्यादीविना राहिलेल्या गुन्ह्याची, ती सविस्तर जबानी आहे.

१९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे चोरीच्या बरोबरीला आली. त्याहून महत्त्वाचे कलम १५. वेठबिगाराने आपले कर्ज वेठीचे आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली गेली. एरवी फौजदारी न्यायात पुराव्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर असते. ते या एका ठिकाणी फिरविणे कायदेमंडळाला आवश्यक वाटले, कारण अंगठा उठवून घेतलेल्या कागदाची नक्कल वारल्याच्या झोपडीत कधीच नसते. हा बदल झरीनंतर एकतीस वर्षांनी आला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने ३७४ आता १४६ झाले, जमावबंदीचे १४४ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले. क्रमांक बदलले, सक्तीच्या कामाला एक वर्ष आणि चोरीला तीन वर्षे हे प्रमाण तेच राहिले.

आंदोलनाचा सगळाच हिशेब चोख होता असे नाही. पक्षाच्या धोरणाची वळणे पाड्यांवरच्या माणसांना पुष्कळदा महाग पडली, आणि जंगलजमिनीचा प्रश्न वेठीइतक्या झपाट्याने सुटला नाही. त्या जमिनींचे दावे पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली चालत राहिले. पण वारल्यांचा विश्वास बाईंवरून कधी उडाला नाही. गोदूताई हे नाव त्या भागात घरच्यासारखे झाले. १९६१ मध्ये सुरू झालेल्या आदिवासी प्रगती मंडळाच्या शाळा-वसतिगृहांतून पाड्यांवरची मुले शिकू लागली. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी गोदावरीबाईंचे निधन झाले. दोन दिवसांवर १० ऑक्टोबर होता, जेठ्या गांगडच्या स्मृतीचा दिवस, जो त्या मुलखात दरवर्षी पाळला जातो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांनी उभारलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीला त्यांचे नाव आहे. तलासरीच्या महाविद्यालयालाही ते आहे. ज्या तालुक्यात कागदावर अंगठा उठविणारी माणसे पिढ्यान्पिढ्या धन्याच्या वहीत अडकत गेली, तेथे त्यांची नातवंडे त्या नावाच्या फाटकातून पुस्तके घेऊन आत जातात.